माझ्या पायाकडे नको बघू

४ फेब्रुवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद. हे पाकीट संध्याकाळच्या बसने पाठवते आहे. आई स्टँडवरून आणेल आणि वाचूनही दाखवेल, कारण तुला बसवत नाही हे मला कळलं आहे.

हे पत्र फक्त बारा तारखेच्या ऑपरेशनबद्दल आहे. सर्जननी तुला सगळं सांगितलं असणार. पण आई म्हणाली, तू त्यांच्यासमोर शहाण्यासारखी मान डोलावलीस आणि घरी आल्यावर तिला विचारलंस, "ते नक्की काय म्हणाले गं?" एमआरआय विभागात येण्याआधी दोन वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये फिरतं एक्स-रे यंत्र चालवायचे. दुर्बिणीने केलेली मणक्याची ऑपरेशनं मी दीडशेच्या वर पाहिली आहेत. तेव्हा पुढे लिहिलेलं ऐकीव नाही.

तुला टेबलावर पालथं झोपवतील. छातीखाली आणि कमरेखाली उशा असतील, त्यांची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात. पाठीवर औषध लावतील ते फार गार असतं, बहुतेक लोक तिथेच दचकतात. मग कमरेच्या उजव्या बाजूला भुलीची सुई. ती चुरचुरते. त्यानंतर बराच वेळ कुणी काही करत नाही असं तुला वाटेल. प्रत्यक्षात सगळे एक्स-रेच्या पडद्यावर सुईचं टोक बघत असतात. जागा बरोबर मिळेपर्यंत पुढे जात नाहीत, आणि तसंच असायला हवं.

छेद करंगळीच्या नखाएवढा. त्यातून पेन्सिलीएवढी नळी आत जाते, तिच्यात कॅमेरा, दिवा आणि बारीक चिमटा. स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात. आत सतत खारं पाणी सोडतात, म्हणून तुला पाण्याचा आवाज येईल आणि कमरेत दाब जाणवेल. चकतीचा सरकलेला तुकडा भिजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. तो चिमट्याने थोडा थोडा काढतात. एकूण तासभर, फार तर दीड. एक किंवा दोन टाके. त्याच दिवशी संध्याकाळी उभं करतील. दुसऱ्या दिवशी घरी.

धोके कमी आहेत, शून्य नाहीत. जंतुसंसर्ग, नसेच्या आवरणाला छिद्र, क्वचित नसेला इजा. कधी दुर्बिणीने जमलं नाही तर मोठा छेद घ्यावा लागतो. शंभरातल्या पाच-सहा जणांत चकती पुन्हा सरकते.

बारा तारखेच्या आत लघवी अडली, किंवा दोन मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, तर कुणालाही न विचारता सरळ हॉस्पिटल गाठायचं. तासाभराचाही उशीर नको.

एवढंच.

७ फेब्रुवारी

ताई,

आईचा फोन आला होता. तिने तुझे प्रश्न कागदावर लिहून घेतले होते, आणि आधी तुझा शेराही वाचून दाखवला: "तिला म्हणावं, औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीत याहून जास्त माया असते." मागून तुझा आवाज आला, "तिला सांगू नकोस मी म्हणाले म्हणून." आई म्हणाली, "नाही सांगत," आणि सगळं सांगितलं.

प्रश्न पहिला: जागी ठेवणार म्हणजे कळणार का? गुंगीचं औषध देतील, पण पूर्ण झोपवणार नाहीत. तुझ्या सर्जनची पद्धत तशी आहे. चिमटा नसेच्या जवळ गेला तर पायात कळ जाईल आणि तू बोंब मारशील. ती त्यांना हवीच असते. तू टेबलावरचा गजर आहेस. भिडेखातर गप्प बसू नकोस. गप्प बसणं तुझ्या स्वभावात नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

दुसरा: मध्येच खोकला आला तर? आधी सांगायचं, "खोकते आहे." ते थांबतात. तू गाडी शिकायला येणाऱ्यांना सांगतेस ना, वळायच्या आधी इशारा द्या, वळल्यावर देऊन काय उपयोग. तेच.

तिसरा प्रश्न आईने घाईघाईत वाचला. पाय पूर्वीसारखा होईल का?

पायातली कळ बहुधा लगेच जाईल. बऱ्याच जणांची टेबलावरच जाते. बधिरपणा आठवड्यांनी कमी होतो. ताकद सगळ्यांत शेवटी येते, महिने लागतात, आणि कधी कधी पूर्ण येत नाही. पाऊल किती दिवस लुळं होतं यावर ते थोडंफार अवलंबून असतं.

हे वाक्य लिहून मी चहा प्यायला गेले. परत येऊन बघते तर ते तिथेच होतं.

तर आता ते. दोन तारखेला तू फोनवर विचारलंस, "तुला तेव्हाच दिसलं होतं ना?" मी म्हणाले, "मी तंत्रज्ञ आहे ताई, मला फिल्म वाचता येत नाही. मी फक्त बटणं दाबते." तू फोन ठेवलास. तेव्हापासून बोलली नाहीस.

मला फिल्म वाचता येते. रिपोर्ट लिहायचा अधिकार नाही, एवढंच. पण रोज वीस पाठी बघणाऱ्या बाईला सरकलेली चकती ओळखता येत नाही हे तुलाही पटलं नसेल, मलाही म्हणताना पटलं नाही. बावीस जानेवारीला तुझी चौथी-पाचवी चित्रं आली तेव्हाच मला दिसलं. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती मागे येऊन उजवी नस भिंतीला दाबून धरत होती. एवढा मोठा तुकडा मी त्या महिन्यात दुसरा पाहिला नव्हता.

तू यंत्रातून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "काय गं मोजपट्टे, आत काही सापडलं का, की रिकामीच आहे मी?"

मी म्हणाले, "रिपोर्ट आला की डॉक्टर सांगतील."

दिवसातून वीस वेळा मी हेच वाक्य म्हणते. आम्हाला तसंच शिकवतात, आणि नियम चुकीचा नाही. अर्धवट माहितीने माणसं घाबरतात, किंवा उगाच निर्धास्त होतात. पण तू ते वाक्य ऐकलंच नाहीस, तू माझा चेहरा बघितलास. माझा चेहरा नेहमीसारखा होता. तू हसून म्हणालीस, "बघा, साहेबीणबाई," आणि चपला घातल्यास. नंतर आईला म्हणालीस, "काही नसणार. असतं तर धाकटीच्या तोंडावर दिसलं असतं."

हे मला आईने सांगितलं, कौतुकाने.

९ फेब्रुवारी

ताई,

काल आईला विचारलं, तिने मागचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं का. ती म्हणाली, "वाचलं की. चष्म्याचा नंबर वाढलाय, एखादी ओळ सुटली असेल." मी विचारलं, कुठली ओळ. ती म्हणाली, "कुकर लावायचाय," आणि फोन ठेवला.

आई, हे पत्र मनात वाचू नकोस. मोठ्याने वाच आणि काही गाळू नकोस. धोक्यांच्या ओळी तू गाळतेस हे मला माहीत आहे, आणि ज्या ओळीत मी वाईट दिसते त्याही गाळशील. त्या ताईच्या आहेत. तिला मिळू देत.

नियम असा आहे. तंत्रज्ञाने पेशंटला काही सांगायचं नाही. पण गंभीर काही दिसलं तर यादीत त्या नावापुढे लाल खूण करायची आणि रेडिऑलॉजिस्टना फोन करायचा. मग ती चित्रं रांग सोडून आधी वाचली जातात, बहुधा त्याच दिवशी. म्हणजे माझं तोंड बांधलेलं होतं, हात नव्हे.

मी लाल खूण केली नाही.

कारण सांगते. त्या दिवशी तुझा नंबर नव्हता. सकाळी अकराच्या पेशंटला यंत्राच्या बोगद्यात गुदमरलं, तो उठून गेला. त्या जागेवर बाहेर तासभर बसलेल्या आजोबांचा हक्क होता. मी त्यांना सांगितलं, यंत्र जरा तापलंय, वीस मिनिटं थांबा. आणि तुला घेतलं. तू चार तास बसचे धक्के खात आली होतीस, उभंही राहवत नव्हतं. त्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही. आजोबांबद्दल वाटतं.

पण महिन्यापूर्वीच विभागप्रमुखांनी सगळ्यांना उभं करून सुनावलं होतं, "नातेवाईक मागच्या दाराने आणले तर मला खपणार नाही." मी फोन केला असता तर पहिला प्रश्न आला असता, ही पेशंट यादीत कुठे होती? म्हणून तुझी चित्रं मी साध्या रांगेत, त्या दिवसाच्या सगळ्यात शेवटी टाकली. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. तेव्हा हिशेब केला होता: तीन दिवसांत रिपोर्ट येईल. मग जोडून सुट्ट्या आल्या, एक डॉक्टर रजेवर गेले. नऊ दिवस लागले.

मधल्या काळात मी रोज यादी उघडून तुझं नाव बघत होते. चौदावं. अकरावं. अकरावं. अकरावं. फोन समोर होता.

सहाव्या दिवशी तू त्या शिंकताना दोन्ही हात सोडणाऱ्या काकांना घेऊन बाहेर पडलीस. ते शिंकले. तुझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय नेताना पुढचा भाग उचललाच गेला नाही, चटईत अडकला, आणि गाडी बागेच्या भिंतीला घासून थांबली. काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही असताना असं कसं झालं?" हे तू आईला हसत सांगितलंस. आईने मला हसत सांगितलं. मी हसले नाही, पण बोललेही नाही. तेव्हासुद्धा तीन दिवस उरले होते.

चार वर्षांपूर्वी तू मला गाडी शिकवायला बसवलं होतंस, आठवतं? मी सारखी खाली तुझ्या पावलाकडे बघत होते. ते ब्रेकच्या वर अधांतरी होतं, टेकलेलं नाही, दाबलेलं नाही. तू ओरडलीस, "माझ्या पायाकडे नको बघू, रस्ता बघ! पाय माझं मी बघते." तिसऱ्या दिवशी मी शिकणं सोडलं. पण ते पाऊल लक्षात राहिलं. ब्रेक दाबायला ताकद लागते हे सगळ्यांना माहीत असतं. तसं अधांतरी धरून ठेवायला जी लागते, ती त्या दाबलेल्या नसेतून येते. मला हे बावीस तारखेला माहीत होतं. बाकी कुणाला नाही तरी मला.

काल मी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. यातून तुला काही मिळत नाही, फक्त सांगते.

बारा तारखेला यायची माझी इच्छा आहे. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

११ फेब्रुवारी

ताई,

आईचा निरोप मिळाला. तू म्हणालीस, "ये म्हणावं. पण माझ्यासमोर रडायचं नाही आणि डॉक्टरांना अक्कल शिकवायची नाही."

दोन्ही मान्य.

सांगितलेल्या वेळेनंतर पाणीही पिऊ नकोस. नखांचा रंग काढ, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजतात. सैल गाऊन आण. चपला मागून बंद होणाऱ्या हव्यात, पाऊल घसरतं तोवर.

२ मार्च

ताई,

तू आईला म्हणालीस, "त्या दिवशी गुंगीत मी काय बडबडले ते धाकटीला विचार, आणि लिहूनच पाठव म्हणावं, तोंडी ती गाळेल." आईचे गुण माझ्यात आहेत हे मला नव्याने कळलं. लिहिते.

तुला दहा वाजून पाच मिनिटांनी आत नेलं. बाहेर निळ्या खुर्च्या होत्या, एकमेकींना जोडलेल्या. एक जण हलला की सगळी रांग हलते. दोन वर्षं मी दाराच्या आतल्या बाजूला होते. बाहेर किती वेळ जातो हे मला ठाऊक नव्हतं. आत तास लगेच सरतो. आई पदराचं टोक गुंडाळत होती आणि सोडत होती. एकदा म्हणाली, "तू आत असतीस तर मला बरं वाटलं असतं." मी म्हणाले, "मी आत होते, आई. जानेवारीत." मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याची मला लाज वाटली, कारण मला तो हवा होता.

साडेअकराला सर्जन आले. तुकडा सबंध निघाला. शेवटी नस मोकळी झाली आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलायला लागली, म्हणाले. मी ते कितीदा पडद्यावर पाहिलं आहे. ती तुझी असताना मी तिथे नव्हते.

मी अक्कल शिकवली नाही, पण एक प्रश्न विचारला. नऊ दिवस आधी झालं असतं तर फरक पडला असता का? ते म्हणाले, "कदाचित. कदाचित नाही. यातलं काहीही कुणी तुम्हाला ठाम सांगितलं तर विश्वास ठेवू नका." तेही लिहून ठेवते.

आत काय झालं ते नर्सने सांगितलं. मध्येच तू ओरडलीस, "इंडिकेटर द्या, इंडिकेटर!" आणि सर्जन पुढे प्रत्येक वेळी "डावीकडे वळतोय हं मॅडम" म्हणत होते. भूलतज्ज्ञ बाईंना हसू आवरेना.

बारा वाजता आम्हाला आत सोडलं. तू डोळे अर्धवट उघडून आईला म्हणालीस, "कळ गेली गं. सुटली." आई रडायला लागली. तिला मनाई नव्हती.

मग तुझं लक्ष माझ्याकडे गेलं. तू म्हणालीस, "मोजपट्टे."

मी म्हणाले, "हं."

"आता बघ माझ्या पायाकडे."

मी चादर वर केली. तू कपाळाला आठ्या घातल्यास, ओठ दाबलेस, सगळी ताकद लावलीस. डाव्या पायाची बोटं वर आली. उजवा तसाच राहिला.

"उचलला का?"

आई लगेच म्हणाली, "उचलला की! छान उचलला."

तू तिच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्या चेहऱ्याकडे बघत होतीस. बावीस तारखेला जसा होता तसाच चेहरा करणं मला सहज जमलं असतं. वीस वाक्यं तयार होती. संध्याकाळी डॉक्टर बघतील. आता तू आराम कर. इतक्या लवकर काही सांगता येत नाही. सगळी खरीच होती.

मी म्हणाले, "नाही."

तू म्हणालीस, "अजिबात?"

"अजिबात नाही."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग तू म्हणालीस, "आईसारखं एकदा तरी खोटं बोलायचंस, मेले." आणि माझं मनगट धरलंस. सलाइनची सुई होती त्याच हाताने. मी तुला सुईचा हात हलवू नकोस म्हणाले नाही.

एवढंच बडबडलीस. त्यानंतर घोरलीस.

माझी चौकशी चालू आहे. तोवर मला यंत्रावरून काढून समोरच्या खिडकीवर बसवलं आहे. मी लोकांना नंबर देते आणि किती वाट बघावी लागेल ते सांगते. खरं तेवढं सांगते. लोक चिडतात.

२६ मार्च

ताई,

सहाव्या आठवड्याचा व्हिडिओ मिळाला. आईने पावलाशेजारी मोजायची पट्टी पुन्हा उलटी धरली आहे, त्यामुळे आकडे उलट वाचावे लागले. मध्येच तू "आई, कॅमेरा माझ्या पायावर, पंख्यावर नाही" म्हणतेस ते अकरा सेकंद सोडून दिले.

टाक्याची जागा कोरडी आणि सपाट दिसते. वाकू नकोस, बादली उचलू नकोस, हे चालू ठेव. खुर्चीत एका वेळी अर्ध्या तासावर नको. शिकवायला कधी बसता येईल ते सर्जन ठरवतील. पाऊल अधांतरी धरता येईपर्यंत ते हो म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तरी तू बसू नकोस. काकांना दुसऱ्या मॅडमकडे शिंकू देत.

आता पाऊल. गेले पाच आठवडे मी तुला "नाही" असंच लिहिलं. पाचही वेळा तू उत्तरात फक्त "बरं" पाठवलंस.

हा व्हिडिओ मी सहा वेळा बघितला. तीनदा थांबवून, पडद्याला कागद लावून अंगठ्याच्या टोकाची खूण केली. मग खिडकीवरच्या सहकाऱ्याला काही न सांगता दाखवला आणि विचारलं, काय दिसतं. माझ्या डोळ्यांवर मला या बाबतीत भरवसा नाही, त्यांना हवं ते दिसू शकतं.

बाकीची चार बोटं हलली नाहीत. घोटा वर आला नाही.

अंगठा उचलला. तीन मिलिमीटर.

तुझी,
मोजपट्टी